समुपदेशकाकडे जाण्यापूर्वी

मनाच्या दुखण्यासाठी एखाद्या खासगी समुपदेशकाकडे जाण्याचा निश्चय माणूस एका दिवसात करीत नाही. झोप उडालेली असते, कचेरीतल्या साध्या कामात चुका होऊ लागलेल्या असतात, घरातल्या माणसांशी दोन शब्द बोलणेही नकोसे झालेले असते, आणि तरीही ‘होईल आपोआप बरे’ या आशेवर महिने लोटतात. मग कोणी मैत्रीण किंवा सहकारी हळूच एक फोन नंबर देते, तो नंबर आणखी काही आठवडे तसाच पडून राहतो, आणि अखेर धीर एकवटून भेटीची वेळ ठरविली जाते. इतक्या सायासाने त्या दारापर्यंत पोहोचलेला माणूस आत गेल्यावर मात्र बहुधा काहीच विचारीत नाही. समोर बसलेल्या व्यक्तीचे शिक्षण काय, फी किती आणि कशाकशाची, आपण बोललेले कोठे लिहिले जाणार आणि कोण वाचणार, हे किती दिवस चालणार, उपयोग झाला नाही तर पुढे काय, यांपैकी एकही प्रश्न त्याच्या ओठांवर येत नाही. वैद्यापुढे हात पुढे करून मुकाट बसण्याची आपली पिढीजात सवय येथेही आड येते. हे प्रश्न विचारण्याचा अशिलाला पूर्ण अधिकार आहे, आणि ते विचारण्यातच उपचाराचा आरंभ आहे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. जो माणूस अनेक वर्षे इतरांपुढे मान तुकवून थकला म्हणून येथे आला, त्याने येथेही मान तुकवूनच बसावे, यात कोणाचेच हित नाही.

सनदेचा प्रश्न प्रथम घेतो, कारण सर्वांत अधिक घोटाळा तेथेच होतो. ‘मनाचे डॉक्टर’ या एकाच नावाखाली आपल्याकडे निदान तीन निरनिराळ्या व्यवसायांची माणसे मोडतात. मानसोपचारतज्ज्ञ हा मुळात वैद्य, एम.बी.बी.एस. झाल्यानंतर त्याने मनोविकारशास्त्रात एम.डी. किंवा पदविका घेतलेली असते, त्याची नोंद वैद्यक परिषदेच्या दप्तरी असते, आणि या तिघांत औषध लिहून देण्याचा अधिकार केवळ त्याला असतो. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ हा वैद्य नव्हे, परंतु मानसशास्त्रातील पदव्युत्तर शिक्षणानंतर रुग्णांच्या प्रत्यक्ष सहवासात राहून त्याने एम.फिल.सारखे विशेष प्रशिक्षण पुरे केलेले असते, आणि १९९२ च्या कायद्यान्वये चालणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत त्याचे नाव व क्रमांक असावा लागतो. तिसरा वर्ग समुपदेशकांचा. यांत मानसशास्त्राच्या किंवा समाजकार्याच्या विद्यापीठीय पदवीनंतर वर्षानुवर्षे ज्येष्ठांच्या देखरेखीखाली काम केलेली अत्यंत निष्ठावान माणसे आहेत, आणि दोन-चार आठवड्यांच्या वर्गाचे प्रमाणपत्र चौकटीत लावून बसलेलीही आहेत. २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसंबंधीच्या केंद्रीय कायद्याने मानसशास्त्रज्ञ व समुपदेशक यांना नोंदणीच्या कक्षेत आणण्याची तरतूद केली आहे. परंतु तिची अंमलबजावणी अद्याप सर्वत्र पक्की बसलेली नसल्याने दारावरच्या पाटीवर विसंबून राहता येत नाही. म्हणून फोनवरच, शांतपणे व आदराने, विचारावे: आपले शिक्षण कोणत्या संस्थेत झाले, नोंदणी असल्यास तिचा क्रमांक काय, माझ्यासारख्या तक्रारीवर आपण पूर्वी काम केले आहे काय, आणि अडचणीच्या प्रसंगी आपण कोणा ज्येष्ठाशी मसलत करता काय. हा अखेरचा प्रश्न मला विशेष मोलाचा वाटतो. या व्यवसायात चांगली माणसे स्वतःच्या कामावर दुसऱ्या जाणत्याची नजर मुद्दाम ठेवून घेतात, आणि तसे सांगण्यात त्यांना कमीपणा वाटत नाही. साध्या प्रश्नांनी जो चिडतो त्याचे दार वेळीच सोडलेले बरे.

येथेच एक सूचना करून ठेवतो. सततचा थकवा, उदासी, चिडचिड ही कधीकधी थायरॉइडच्या बिघाडामुळे, रक्तक्षयामुळे किंवा बी-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेमुळेही होतात. तेव्हा घरच्या डॉक्टरांकडून एकदा रक्त तपासून घ्यावे. आणि जगणेच नकोसे वाटत असेल, जीव देण्याचे विचार पुन्हा पुन्हा येत असतील, तर खासगी समुपदेशकाच्या पुढल्या मंगळवारच्या वेळेची वाट पाहत बसू नये; घरातल्या एका तरी माणसाला लगेच सांगावे आणि जवळच्या रुग्णालयात जावे. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेली ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र आणि विनामूल्य चालते, व तेथे मराठीतून बोलता येते.

आता पहिल्या भेटीकडे वळू. आत गेल्यावर हाती एक अर्ज येतो: नाव, वय, व्यवसाय, चालू असलेली औषधे, आणि ‘तातडीच्या प्रसंगी कोणास कळवावे’ अशी एक ओळ. या ओळीपाशी अनेकांचा हात थबकतो, कारण ज्याला कळू नये म्हणून एवढा खटाटोप, त्याचेच नाव तेथे लिहायचे की काय, असे त्यांना वाटते. तसे बंधन नाही. नवऱ्याऐवजी बहिणीचे, आईऐवजी मैत्रिणीचे नाव खुशाल लिहावे, आणि कोणत्या प्रसंगी त्या व्यक्तीला फोन केला जाईल याचा खुलासा तेथल्या तेथे मागावा. त्यानंतर पाऊण तास ते तासभर बोलणे होते. झोप किती, भूक कशी, केव्हापासून, त्या सुमारास घरात काय घडले होते, पूर्वी असे कधी झाले होते काय, अशी विचारपूस चालते. काही समुपदेशक बोलता बोलता कागदावर कुटुंबाची आकृती काढतात: पुरुषाला चौकोन, स्त्रीला वर्तुळ, निधन पावलेल्यावर फुली, विवाहाची आडवी रेघ, आणि ज्या दोघांत सतत कलह त्यांच्यामध्ये नागमोडी रेघ. आजी-आजोबांपासून तीन पिढ्या कागदावर उतरल्या की, ज्या आत्याविषयी ‘विहिरीवर पाय घसरला’ एवढेच घरात बोलले जाई, तिच्या वर्तुळावर फुली घालताना सांगणाराच थांबतो, आणि ती त्या वेळी किती वर्षांची होती, तिच्याबद्दल घरात कधीच कोणी का बोलत नाही, हे प्रश्न त्याला स्वतःलाच प्रथम पडतात. रडू आले तर येऊ द्यावे. त्यासाठीच तेथे कागदी रुमालांचा डबा ठेवलेला असतो, आणि त्याबद्दल क्षमा मागण्याचे कारण नाही. सारेच पहिल्या दिवशी सांगितले पाहिजे असेही नाही. ‘हा विषय आज नको’ असे म्हणण्याची मुभा अशिलाला नेहमीच असते.

पहिल्या भेटीहून परतणाऱ्या माणसाची सर्वांत सार्वत्रिक तक्रार अशी असते की, ‘एवढे पैसे घेतले आणि सांगितले तर काहीच नाही.’ ही तक्रार समजून घेण्याजोगी आहे. आपल्याकडे दुःख घेऊन माणूस ज्यांच्याकडे आजवर गेला, ते घरातले वडीलधारे असोत, गुरुजी असोत की ज्योतिषी, त्यांनी त्याला काय करावे ते सांगितले. नोकरी सोड, सोडू नको, माहेरी जा, उपास धर. समुपदेशक असे सांगत नाही, कारण त्याच्या मते निर्णय अशिलाचा आहे आणि तो घेण्याचे बळ त्याच्यात यावे एवढ्याचसाठी ही खटपट आहे. अमेरिकेत कार्ल रॉजर्स यांनी १९४२ साली या विषयावर आपला पहिला मोठा ग्रंथ लिहिला, तेव्हापासून ही भूमिका पुष्कळ ठिकाणी दृढ झाली: ऐकणाऱ्याने न्यायनिवाडा न करता, मनापासून व समजून ऐकले, तर बोलणाऱ्यालाच आपली वाट हळूहळू उमगत जाते. परंतु सर्वच पद्धती इतक्या मितभाषी नाहीत, आणि म्हणूनच आपला समुपदेशक कोणत्या पद्धतीने काम करतो हे विचारणे अगत्याचे आहे. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती, जिचा महाराष्ट्रात प्रसार करण्यात प्राध्यापक कि. मो. फडके यांचा वाटा फार मोठा आहे, ती अशिलाशी थेट वादच घालते, अर्थात त्याच्या विचारांशी. या पद्धतीत, आणि तिच्याशी नाते सांगणाऱ्या इतर पद्धतींत, घरी करण्याचा अभ्यास दिलेला असतो.

हा अभ्यास कसा असतो ते एका उदाहरणाने सांगतो. समजा, डोंबिवलीहून रोज सकाळच्या लोकलने फोर्टातल्या कचेरीत जाणाऱ्या एका कारकुनाला साहेबांनी केबिनमध्ये बोलावले की छातीत धडधड होते. त्याला एक वही दिली जाते व तीत तीन रकाने आखायला सांगितले जाते. पहिल्यात घटना: ‘साहेबांनी बोलावले.’ दुसऱ्यात त्या क्षणी मनात आलेला विचार, जसाच्या तसा: ‘माझी चूक सापडली, आता नोकरी जाणार, गेली तर मी कोणाला तोंड दाखवू शकणार नाही.’ तिसऱ्यात परिणाम: ‘भीती, हातांना घाम, जेवण गेले नाही.’ आठवडाभर असे लिहिले की त्याच्या ध्यानात येते की पहिला रकाना रोज निराळा आहे, पण दुसऱ्यातली वाक्ये जवळजवळ तीच तीच आहेत. मग पुढच्या बैठकीत त्या वाक्यांची उलटतपासणी होते: साहेबांनी बोलावले त्या सगळ्या वेळी खरोखर चूक सापडली होती काय, आणि समजा नोकरी गेलीच, तर तोंड दाखविता येणार नाही हा नियम कोणी केला. या सगळ्यात गूढ असे काही नाही. मात्र वही भरण्याचे कष्ट अशिलाचे आहेत, आणि बैठकीतला तो तास संपल्यावर उरलेला सारा आठवडा त्याच्याच हाती असतो.

गुप्ततेविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण भीती सर्वांत जास्त तिची असते आणि माहिती सर्वांत कमी. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा, जो २०१८ च्या मे महिन्यात अमलात आला, त्याच्या २३ व्या कलमाने मनोविकाराच्या रुग्णाला गुप्ततेचा हक्क दिला आहे आणि त्याच्यावर उपचार करणाऱ्या आरोग्य-व्यावसायिकांवर ती पाळण्याचे बंधन घातले आहे. २५ व्या कलमाने स्वतःचे वैद्यकीय कागदपत्र पाहण्याचा हक्कही दिला आहे. परंतु गुप्ततेचा हक्क निरपवाद नाही. रुग्णाच्या स्वतःच्या जिवाला धोका असेल, दुसऱ्या कोणाला इजा होण्याचा संभव असेल, किंवा न्यायालयाचा हुकूम झाला असेल, तर आवश्यक तेवढी माहिती उघड करता येते. वकील व अशील यांच्या संभाषणाला पुराव्याच्या कायद्यात जे संरक्षण आहे ते समुपदेशकाच्या खोलीतल्या संभाषणाला नाही. घटस्फोटाचा किंवा मुलांच्या ताब्याचा दावा चालू असणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. आणि अल्पवयीन मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर २०१२ च्या ‘पॉक्सो’ कायद्यान्वये त्याची इत्तला पोलिसांना देणे हे समुपदेशकावरच नव्हे तर प्रत्येकावर बंधनकारक आहे. चांगला समुपदेशक हे अपवाद पहिल्याच दिवशी, अशील बोलू लागण्यापूर्वी, सांगतो व संमतिपत्रावर लिहून देतो. ते संमतिपत्र घाईने सही करून परत देऊ नये. नीट वाचावे, न कळलेले विचारावे आणि एक प्रत मागून घ्यावी. ज्या समुपदेशकाची कोणत्याही परिषदेत नोंद नाही, त्याच्या बाबतीत तर हा लेखी करार हाच काय तो आधार.

कायद्याहून अवघड प्रश्न आपल्या घरात असतो. फी बहुधा एकाच्या खिशातून जाते आणि बोलणारा दुसराच असतो. मग सासूबाई, वडील किंवा नवरा समुपदेशकाला फोन करून ‘काय म्हणाली ती?’ असे हक्काने विचारतात, आणि त्यांच्या मनात त्या वेळी काळजीच असते हेही खरे. प्रौढ अशिलाच्या संमतीवाचून त्यांना काहीही सांगितले जाऊ नये, हा नियम आहे. अशिलाने पहिल्याच बैठकीत विचारून घ्यावे: माझ्या घरून फोन आला तर आपण काय उत्तर द्याल? मुलांच्या बाबतीत आईवडिलांना किती सांगायचे आणि मुलाचे स्वतःचे म्हणून किती राखायचे याची रेषा तिघांनी समोरासमोर बसून ठरवावी. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला आपले प्रत्येक वाक्य संध्याकाळी घरी पोहोचते असा संशय आला की तो बोलायचा थांबतो. नवराबायको एकत्र जात असतील, तर एकाने एकट्याने सांगितलेली गोष्ट दुसऱ्यापासून लपविली जाईल की नाही, हेही आधीच स्पष्ट करून घ्यावे. लहान गावात समुपदेशक लग्नाच्या पंक्तीत शेजारी येऊन बसण्याचा संभव असतो. तेव्हा ओळख दाखवायची की नाही हे ठरविण्याचा अधिकारही अशिलाचाच. आणि फोनवरून किंवा संगणकाच्या पडद्यावरून बैठक घेणाऱ्यांनी जागेचा विचार आधी करावा. दोन खोल्यांच्या घरात पलीकडे कुकरच्या शिट्ट्या होत असताना मनातले बोलता येत नाही. कितीतरी जण त्यासाठी इमारतीच्या गच्चीवर किंवा खाली उभ्या केलेल्या मोटारीत जाऊन बसतात, आणि त्यात संकोचण्याजोगे काही नाही.

फीच्या विषयाला आपण लाजतो. १९१३ साली व्हिएन्नाच्या सिग्मंड फ्रॉइड यांनी उपचारांच्या आरंभासंबंधी जो निबंध लिहिला, त्यात वेळ आणि पैसा या दोन गोष्टींना त्यांनी अग्रस्थान दिले होते. पैशाबद्दल सुसंस्कृत माणसे अवघडतात म्हणूनच वैद्याने त्याबद्दल मोकळेपणाने बोलावे, आणि ठरलेला तास हा त्या रुग्णाच्या मालकीचा असल्याने तो आला नाही तरी त्याची फी त्याने द्यावी, असे त्यांचे मत होते. आज नियम इतका कडक बहुधा नसतो, परंतु चोवीस तास अगोदर न कळविता गैरहजर राहिल्यास पूर्ण किंवा निम्मी फी आकारण्याची रीत आहे, आणि ती ठाऊक नसल्याने नंतर मने दुखावतात. पुण्या-मुंबईत एका बैठकीला साधारणतः हजारापासून अडीच-तीन हजारांपर्यंत खर्च येतो. आठवड्यातून एकदा म्हटले तरी मध्यमवर्गीय घराला हा भार लहान नाही. उत्पन्न पाहून फी कमी करणारे समुपदेशक पुष्कळ आहेत, पण विचारल्याशिवाय ते कळत नाही. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली ठाण्यात स्थापन केलेल्या मानसिक आरोग्य संस्थेसारख्या संस्था, विद्यापीठांची केंद्रे व सरकारी रुग्णालयांचे मनोविकार विभाग यांचाही विचार करावा. विम्याच्या भरवशावर मात्र राहू नये: विमा कंपन्यांनी मनोविकाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने लेखावे असे २०१७ च्या कायद्यात असले, तरी बहुतेक विमे रुग्णालयात दाखल होण्याचा खर्च देतात, खुर्चीत बसून केलेल्या संभाषणाचा देत नाहीत.

किती दिवस लागतील, या प्रश्नाला प्रामाणिक समुपदेशक एकच आकडा सांगणार नाही. केनेथ हॉवर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून असे दाखविले की, सुमारे निम्म्या रुग्णांत आठ बैठकांपर्यंत मोजता येईल अशी सुधारणा दिसते व तीन-चतुर्थांश रुग्णांत सव्वीस बैठकांपर्यंत. म्हणजे दोन बैठकांत निराश होणे घाईचे आहे. आणि सहा-आठ बैठका होऊनही काहीच हलले नसेल, तर गप्प बसून जात राहणेही योग्य नाही. काहींना आरंभी अधिकच अस्वस्थ वाटते, कारण दाबून ठेवलेले वर आलेले असते. हे समुपदेशकाला सांगावे. तसेच मानसोपचारतज्ज्ञाने दिलेले औषध चालू असेल तर ‘आता बरे वाटते’ म्हणून ते स्वतःच्या मनाने एकाएकी बंद करू नये. उदासीवरच्या औषधांचा गुण येण्यास कित्येक आठवडे लागतात, आणि ती थांबवायची तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू.

काही गोष्टी मात्र अशा आहेत की त्या दिसताच उठून यावे. तीन बैठकांत पूर्ण बरे करण्याची हमी, दुसऱ्या अशिलांची हकीकत नावानिशी सांगणे, अशिलाकडे पैसे उसने मागणे किंवा त्याला व्यवहारात भागीदार करणे, स्पर्शाचा वा शृंगारिक सलगीचा कोणताही प्रकार, घरच्यांपासून तोडण्याचा आग्रह, पत्रिका व खडे यांचे मिश्रण, आणि जातीवरून, लैंगिकतेवरून किंवा अविवाहित राहण्यावरून टोचून बोलणे. यांपैकी काही घडल्यास दोष आपला नाही हे पक्के धरावे, आणि ज्या परिषदेत त्या व्यक्तीची नोंद असेल तेथे लेखी तक्रार गुदरावी.

असा काही दोष नसतानाही कधीकधी सूर जुळत नाही. समुपदेशक सज्जन व जाणता असतो, तरी त्याच्यासमोर मन उघडत नाही. एडवर्ड बोर्डिन यांनी १९७९ साली उपचारातील सहकार्याचे तीन धागे सांगितले, ध्येयाबद्दल एकमत, करावयाच्या कामाबद्दल एकमत, आणि परस्पर विश्वासाचा बंध; आणि हे सहकार्य जेथे दृढ तेथे गुण अधिक येतो असे त्यानंतरच्या पुष्कळ संशोधनात आढळले आहे. तेव्हा सूर न जुळणे ही क्षुल्लक बाब समजू नये. आपल्याकडे माणसे अशा वेळी भिडेखातर काही सांगत नाहीत आणि मग फोन घेणेच बंद करतात. त्यापेक्षा एक बैठक त्याच बोलण्यासाठी ठेवावी: ‘मला येथे मोकळे वाटत नाही’ हे वाक्य ऐकण्याची समुपदेशकाला सवय असते, आणि पुष्कळदा त्याच बोलण्यातून गाठ सुटते. नाहीच सुटली, तर दुसऱ्या कोणाची शिफारस त्याच्याकडेच मागावी, आणि आजवर कोणते काम झाले, कोणती पद्धत वापरली, कोणती औषधे चालू आहेत एवढे लिहिलेले एक सारांशपत्र घ्यावे, म्हणजे नव्या ठिकाणी सारी कैफियत पहिल्यापासून सांगावी लागत नाही. उपचार यथासांग संपून निरोप घेताना देखील असे पत्र मागावे व त्याची एक प्रत आपल्या दप्तरी ठेवावी. पुन्हा दोन-चार वर्षांनी तीच चिन्हे दिसू लागली, तर कोठून सुरुवात करायची हे त्यावरून चटकन कळते.